काकडीच्या विमानतळाभोवती पक्ष्यांचा धोका : दहा किलोमीटरचा नियम काय सांगतो?

कोपरगाव : तालुक्यातल्या काकडी शिवारात शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालं. आता विमानाचा आवाज आला तरी पोरंसुद्धा मान वर करत नाहीत. पण उतरताना आणि उडताना विमान जमिनीलगत असतं, आणि घारी-बगळ्यांचं आभाळही तेच. पक्ष्यांच्या बहुतेक धडका याच वेळी होतात.

पाऊण किलोच्या घारीनं एवढ्या मोठ्या विमानाचं काय बिघडणार, असं वाटतं खरं. पण इथं वजनापेक्षा वेग महत्त्वाचा. वेग दुप्पट झाला की धडकेचा मार चौपट होतो, आणि विमान त्या वेळी ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतं. पक्षी इंजिनात ओढला गेला तर आतली पाती वाकतात, तुटतात, कधी आग लागते. १९ जून २०२२ ला पाटण्याहून दिल्लीला निघालेल्या विमानाच्या इंजिनाला अशीच आग लागली. वैमानिकानं विमान माघारी आणलं, १८५ प्रवासी वाचले. डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण कोरियातल्या मुआनला मात्र १७९ जण गेले. तिथं विमान धावपट्टीपुढच्या काँक्रिटच्या बांधावर आदळलं होतं, आणि दोन्ही इंजिनांत बदकांचे अवशेष सापडले.

मरण पक्ष्यांचंही असतं. २० मे २०२४ च्या रात्री मुंबईत घाटकोपरवर दुबईहून येणारं विमान रोहित पक्ष्यांच्या थव्याला धडकलं. विमान सुखरूप उतरलं, पण किमान ३९ रोहित मेले.

आपल्याकडं पक्षी येतात कशाला? पोटासाठी. नांगरटीमागं बगळे, गवतातल्या किड्यांवर टिटव्या, दाण्यावर पारवे. पावसाळ्यात किडे वाढतात, तेव्हा गर्दी जास्त. धावपट्टीलगतचं गवत कापणं, फटाके वाजवून थवे उठवणं ही कामं विमानतळाची. कुंपणाबाहेरचा उकिरडा मात्र गावाचा.

त्यासाठीच १९३७ च्या विमान नियमावलीत ९१ वा नियम घातलेला आहे. विमानतळाच्या मध्यबिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावर कापायचं नाही, सोलायचं नाही, पक्षी गोळा होतील अशी घाण टाकायची नाही. मटण-मासळीची दुकानं आणि हॉटेलातला कचराही यात आला. नियमात गिधाडांचं नाव आहे. गिधाडं आता दिसत नाहीत, त्यांची जागा घारींनी आणि कुत्र्यांनी घेतली. दहा किलोमीटर म्हणजे नुसतं काकडी नव्हे. राहाता आणि संगमनेर तालुक्यांतली काही गावंही त्यात येतात.

खरी अडचण कोंबडीच्या शेडची. उन्हाळ्यात मर वाढली की पाटीभर कोंबड्या ओढ्याला फेकून मोकळं व्हायची सवय आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं घारी घिरट्या घालतात. फेकणाऱ्याला वास जातो तेवढं कळतं, वरून विमान जातं हे ध्यानात येत नाही. शेडजवळच खोल खड्डा घेऊन मर टाकली, त्यावर चुना आणि मातीचा जाड थर दिला तर घारीला काही दिसत नाही, कुत्री उकरत नाहीत. जनावर दगावलं तरी तेच, फक्त खड्डा माणसाच्या उंचीचा हवा आणि विहिरीपासून लांब. एकट्यादुकट्याला जेसीबी परवडत नाही. ग्रामपंचायतीनं गायरानात एक जागा ठरवून दिली तर हे काम सोपं होईल.