कॉन्टॅक्ट लेन्सचा आंतरराष्ट्रीय व्यापार

डोळ्यात घालण्याच्या लेन्सची देशोदेशींची खरेदी-विक्री. जागतिक सीमाशुल्क वर्गीकरणात या लेन्सचा क्रमांक ९००१.३०. ओटो विख्टर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मुलांच्या मेकॅनो-छाप खेळण्यातून यंत्र जुळवून मऊ लेन्स ओतल्या. या लेन्सचे हक्क मात्र अमेरिकेकडे गेले. तेथे बॉश अँड लॉम्बच्या लेन्सला १९७१ मध्ये मान्यता मिळाली.

आज आयर्लंडमधील वॉटरफर्ड व लिमरिक ही मोठी उत्पादनकेंद्रे आहेत.

भारतात आयातीला वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात. कोल्हापूरच्या चष्म्याच्या दुकानदाराची खरी अडचण साठ्याची: नंबर, वक्रता, व्यास यांच्या असंख्य जोड्या, शिवाय मुदतीची तारीख. सिलिंडर नंबरच्या टोरिक लेन्समध्ये अक्षाचा कोनही जुळावा लागतो, म्हणून त्या बहुधा मागणीनुसारच मागवतात.