विद्येसाठी वेशीबाहेर

औंढा नागनाथच्या परिसराला विद्येसाठी घर सोडणे नवीन नाही. नरसीचे संत नामदेव गुरूच्या शोधात येथे आले व विसोबा खेचरांचे शिष्य झाले, असे परंपरा सांगते. पुढे ते पंजाबात गेले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. परमुलखाची भाषा त्यांनी आपलीशी केली. पण त्या पदांतही त्यांचा विठ्ठल भेटतोच.

तरीही मुलगा, विशेषतः मुलगी, शिकण्यासाठी दूर जाणार म्हटले की आजही घरोघरी चिंता सुरू होते. भाषा, अन्न, पोशाख, दीन, सारेच पालटेल काय? ही भीती खोटी म्हणता येणार नाही. म्हणूनच ह्या वाटेने आधी गेलेल्यांचा इतिहास पाहणे उचित ठरेल.

मुंबईचे व्यापारी मुल्ला तय्यबअली ह्यांनी ही भीती प्रथम ओलांडली. इंग्रजी शिकणाऱ्या मुसलमानाकडे संशयाने पाहिले जाई, त्या काळात त्यांनी आपल्या मुलांना विलायतेस धाडले. थोरले कमरुद्दीन तेथे सॉलिसिटर झाले. धाकटे बद्रुद्दीन (जन्म १८४४) मदरशात उर्दू-फारसी शिकून १८६० साली वयाच्या सोळाव्या वर्षी लंडनला गेले. अभ्यास ऐन रंगात असता दृष्टी अधू झाली आणि १८६४ मध्ये त्यांना परत यावे लागले. दुसरा कोणी असता तर तेथेच थांबला असता. बद्रुद्दीन पुन्हा गेले, १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले आणि मुंबई हायकोर्टातील पहिले हिंदी बॅरिस्टर ठरले.

विलायतेची ही पदवी त्यांच्या एकट्याच्या संसारापुरती राहिली नाही. १८७४ साली मुंबईत अंजुमन-इ-इस्लाम स्थापन करण्यात ह्या दोघा बंधूंचा पुढाकार होता. १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद बद्रुद्दीन ह्यांनी भूषविले. १८९५ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन दिला तो ह्यांनीच.

त्यांच्याच गोतावळ्यातील अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या. प्रकृतीमुळे अभ्यासक्रम अपुरा टाकून त्यांना वर्षभरातच परतावे लागले. परंतु तेथून बहिणींना पाठविलेली त्यांची उर्दू रोजनिशी लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' ह्या स्त्रियांच्या पत्रात छापली गेली व १९२१ मध्ये तिचे पुस्तकही झाले. उंबरठ्याबाहेर न पडलेल्या वाचक भगिनींना त्यातून परदेशी शाळा-कॉलेजांची ओळख झाली. प्रमाणपत्र हाती आले नाही, तरी शिक्षण वाया गेले नाही.

आता आपल्याकडे वळू. १९४८ पर्यंत औंढा निजामाच्या राज्यात होते. सरोजिनी नायडू १८९५ मध्ये इंग्लंडला शिकण्यास गेल्या त्या निजामाच्याच शिष्यवृत्तीवर. पण खेड्यातल्या मुलाला हैदराबाद हेच परदेश होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून होते; घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला तेथे शिकायचे तर उर्दू आत्मसात करावी लागे. आज उर्दू बोलणाऱ्या घरातील आपली मुले मराठी आत्मसात करतात. वाट तीच, फक्त दिशा बदलली आहे.

मराठवाड्यासाठी १९५८ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ आले. लंडन विद्यापीठाचे डॉक्टर, बॅरिस्टर रफिक झकेरिया ह्यांनी १९६३ मध्ये औरंगाबादेस (आता छत्रपती संभाजीनगर) मौलाना आझाद कॉलेज काढले. लंडनला जाऊन आलेल्या एका विद्यार्थ्यामुळे मराठवाड्यातील असंख्य मुलांना शिक्षणाची वाट जवळ झाली.

पालकहो, मूल बदलून येईल ही भीती बाळगण्यापेक्षा ते काय घेऊन येईल, हे पाहावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, परमुलखात गेल्यावर तेथील भाषा मनापासून शिका, तेथील माणसांना आपले म्हणा, आपली नमाज आणि आपली मायबोली जपा. तय्यबजी बंधूंनी परत येऊन अंजुमन उभी केली. तुम्ही परत येऊन औंढ्यात काय उभे करणार, ह्याचे उत्तर जाताना बरोबर घेऊन जा.