जिभेने तपासायचे दात: एका पद्धतीचा छोटा इतिहास

दात कसे घासायचे हे आपण कसं शिकलो, आठवतंय? कुणीतरी समोर उभं राहून घासून दाखवलं, आरशात बघून आपण नक्कल केली. दंतवैद्यही तेच करतात. तक्ते लावतात, दातांवरचा थर लाल करणारं औषध लावतात आणि म्हणतात, "बघ, इथे राहिलंय." ज्या मुलाला दिसतच नाही, त्याने काय बघायचं?

भारतात अंध मुलांची पहिली शाळा 1887 मध्ये अमृतसरला ॲनी शार्प यांनी काढली. मुंबईत 1900 मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी शाळा सुरू केली. तीच आजची दादरची कमला मेहता अंध शाळा. मुंबईत नायर दंत महाविद्यालय आलं 1933 मध्ये. म्हणजे दोन्ही संस्था एकाच शहरात, फार लांबही नाहीत. पण बोटांनी वाचायची कल्पना ब्रेलने 1829 मध्येच छापून मांडली होती, ती दातांपर्यंत यायला फारच वेळ लागला.

मराठी मुलखाच्या सीमेवर, बेळगावात, ममता हेब्बळ आणि अनिल अंकोला यांनी 2012 मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली: ऐकणं, स्पर्श, कृती. आधी तोंडी समजावायचं. मग दातांच्या मोठ्या साच्यावर मुलाचा हात फिरवायचा, त्यावर ब्रश चालवायला लावायचा. शेवटी स्वतःच्या तोंडात घासायचं आणि दात गुळगुळीत लागतात का ते जिभेने बघायचं. मला या सगळ्यात जीभ फार महत्त्वाची वाटते. साचा शाळेतच राहतो, जीभ मुलासोबत घरी जाते!

आता संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी एक गंमत. दातांवरचा थर मोजायला सिलनेस आणि लो यांचा 1964 चा निर्देशांक सर्रास वापरतात. आपण 0 ते 3 गुण पाठ करतो आणि पुढे जातो. पण नीट वाचा: 1 गुण म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, हिरडीच्या कडेने सळई फिरवल्यावर हाती लागणारा थर. डोळ्यांना दिसला की 2. थोडक्यात, डोळस दंतवैद्यालाही पहिली खूण स्पर्शानेच मिळते. हे मी दोन वर्षं तक्ता भरत होतो तरी लक्षात आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची आहे. असे बहुतेक अभ्यास निवासी शाळांतल्या मुलांवर होतात. कारण सरळ आहे, मुलं एका जागी सापडतात, सकाळची वेळ ठरलेली असते, लक्ष ठेवायला माणूस असतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात घरीच राहणारं अंध मूल या नमुन्यात येतच नाही. त्याला शिकवणार आई किंवा आजी, आणि हातात ब्रशच असेल असंही नाही, कडुनिंबाची काडी असेल. काडी चावून तिचा कुंचा झाला की नाही हे तोंडालाच कळतं, त्यासाठी आरसा लागत नाही. पण ती हिरडीला लागेल इतकी जोरात घासायची नाही, हे कसं सांगायचं? बेळगावच्या पद्धतीतला ब्रश काढून तिथे काडी ठेवली, तर साचाही बदलावा लागेल आणि कृतीही.

म्हणून माझ्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न आता "दिवसातून किती वेळा घासता?" हा नाही. "दात साफ झाले हे तुला कशावरून कळतं?" हा आहे, आणि तो मुलालाच विचारायचा, आईला नाही.