विश्लेषण : २२/७ म्हणजे पाय नव्हे! पूर्णांक, परिमेय आणि अपरिमेय संख्या ओळखायच्या कशा?

वर्तुळाचे क्षेत्रफळ काढायचे गणित आले की शेवटी कंसात एक सूचना असते : ‘पाय = २२/७ घ्या’. पुढे आठवीच्या सुमारास त्याच विद्यार्थ्याला सांगितले जाते की पाय ही अपरिमेय संख्या आहे, म्हणजे ती दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकात लिहिताच येत नाही. मग इतकी वर्षे लिहिलेले २२/७ काय होते? या दोन्हींपैकी एक चूक असणार, असे मुलाला वाटले तर त्यात त्याचा दोष नाही. इथे अडलेली मुले पुढे व्याख्या पाठ करतात आणि परीक्षेत √९ ला अपरिमेय म्हणून मोकळी होतात. हा गोंधळ सोडवायला व्याख्येच्या थोडे मागे जावे लागते.

संख्यांचे इतके प्रकार लागतात कशाला?

मोजण्यासाठी १, २, ३... पुरतात. या नैसर्गिक संख्या. त्यांत शून्य मिळवले की पूर्ण संख्या होतात. यांची बेरीज किंवा गुणाकार केला की उत्तर त्याच घरात मिळते. पण ३ मधून ५ वजा करायला गेले की उत्तर घरात सापडत नाही. म्हणून ऋण संख्या आल्या. ३ ला ५ ने भागले की पुन्हा तीच अडचण येते, म्हणून अपूर्णांक आले. जुन्या घरात उत्तर न मिळणारा प्रश्न समोर आला की घर मोठे करावे लागते. जुने घर मोडत नाही, ते नव्याच्या आत राहते. म्हणूनच ५ ही संख्या एकाच वेळी नैसर्गिकही आहे, पूर्णांकही आहे आणि परिमेयही.

पूर्णांक : उणे सात मोठे की उणे तीन?

..., −३, −२, −१, ०, १, २, ३, ... या सगळ्या पूर्णांक संख्या. मॉलच्या लिफ्टमध्ये तळमजल्याला ० आणि खालच्या पार्किंगला −१, −२ लिहिलेले असते, तीच ही रेषा उभी केलेली. जितके खाली तितकी संख्या लहान, म्हणून −७ पेक्षा −३ मोठी.

मराठीत आजही वापरले जाणारे ‘धन’ आणि ‘ऋण’ हे शब्द हिशेबातले आहेत : संपत्ती आणि कर्ज. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात याच शब्दांत धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम मांडले. शून्यातून ऋण वजा केले तर धन मिळते, हा त्यांतलाच एक. ‘उणे उणे अधिक’ हा नियम पाठ करणाऱ्या मुलांना तो असा सांगता येतो : कोणाचे ५०० रुपयांचे कर्ज माफ झाले, तर त्याची स्थिती ५०० रुपयांनी सुधारते. कर्ज काढून घेणे म्हणजे देणेच.

परिमेय : पाव, सव्वा आणि दीडचे घर

जी संख्या दोन पूर्णांकांच्या भागाकाराच्या रूपात लिहिता येते आणि जिचा छेद शून्य नसतो, ती परिमेय. परिमेय म्हणजे मोजता येण्याजोगे, ‘परिमाण’ या शब्दाचे ते भावंड. ३/४, −५/२, ७ (म्हणजे ७/१) आणि ० (म्हणजे ०/१) या सगळ्या परिमेय आहेत. छेदात शून्य का चालत नाही? ५ भागिले ० याला उत्तर असते, तर त्या उत्तराला शून्याने गुणून ५ मिळायला हवे होते. पण शून्याने काहीही गुणले तरी शून्यच येते.

मराठी माणसाला या संख्या नव्या नाहीत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी आणि साडेतीनची औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत, ते परिमेय संख्यांचेच पाढे होते.

दशांशात परिमेय संख्या कशी दिसते?

परिमेय संख्या दशांशात लिहिली तर दोनच गोष्टी घडतात. एक तर भागाकार संपतो (३/४ = ०.७५), नाहीतर अंकांचा एक गट पुन्हा पुन्हा येत राहतो (५/११ = ०.४५४५४५...). पहिल्याला खंडित आणि दुसऱ्याला अखंड आवर्ती दशांश रूप म्हणतात.

असे का होते, हे १ ला ७ ने भागताना दिसते. प्रत्येक पायरीवर बाकी उरते ती १ ते ६ यांपैकीच. म्हणजे जास्तीत जास्त सहा पायऱ्यांनंतर आधी येऊन गेलेली बाकी परत येणारच, आणि ती आली की पुढचे सगळे अंक त्याच क्रमाने येणार. म्हणून १/७ = ०.१४२८५७१४२८५७...

उलटा प्रवासही करता येतो. ०.४५४५... या संख्येची १०० पट ४५.४५४५... होते. त्यातून मूळ संख्या वजा केली की शेपूट जाते आणि ४५ उरतात. म्हणजे मूळ संख्येची ९९ पट ४५ आहे. ती संख्या ४५/९९, म्हणजेच ५/११.

अपरिमेय : ए-फोर कागदातली लपलेली संख्या

पूर्णांकांच्या मध्ये अपूर्णांक आहेत. कोणत्याही दोन अपूर्णांकांच्या मध्येही आणखी अपूर्णांक सापडतात. मग संख्यारेषा भरून गेली का? नाही. १ सेंटिमीटर बाजूचा चौरस काढून त्याचा कर्ण काढला, तर पायथागोरसच्या सिद्धांतानुसार त्याची लांबी √२ सेंटिमीटर. हा कर्ण कागदावर समोर दिसतो, पण त्याची लांबी नेमकी सांगणारा अपूर्णांक अस्तित्वात नाही.

ही संख्या प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात आहे. ए-फोर कागद मधोमध कापला की त्याच आकाराचा, पण निम्म्या क्षेत्रफळाचा ए-फाइव्ह मिळावा अशी योजना आहे. हे जमण्यासाठी लांबी रुंदीच्या √२ पट असावी लागते. ए-फोर कागदाची मापे आहेत २९७ आणि २१० मिलिमीटर. २९७/२१० म्हणजे ९९/७०. आता ९९ चा वर्ग ९,८०१ आणि ७० च्या वर्गाची दुप्पट ९,८००. अवघ्या एकाचा फरक!

जुन्या काळी बौधायनाच्या शुल्बसूत्रात चौरसाच्या कर्णासाठी दिलेली रीत ५७७/४०८ इतकी येते. तिथे ५७७ चा वर्ग ३,३२,९२९ आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. पुन्हा फरक एकाचाच.

आणखी मोठे आकडे घेतले तर हा फरक शून्य होईल का? कधीच नाही, आणि त्याचे कारण सोपे आहे. कोणत्याही वर्गसंख्येचे मूळ अवयव पाडले तर त्यात २ हा अवयव सम वेळा येतो, किंवा येतच नाही. ७० चा वर्ग ४,९०० घेतला तर त्यात २ दोनदा येतो. त्याची दुप्पट केली की २ तीनदा, म्हणजे विषम वेळा येतो. डावीकडे एक वर्ग आणि उजवीकडे दुसऱ्या वर्गाची दुप्पट लिहिली, तर एकीकडे २ सम वेळा असेल आणि दुसरीकडे विषम वेळा. या दोन बाजू समान होऊच शकत नाहीत. म्हणून √२ अपरिमेय. दशांशात ती १.४१४२१३५... अशी न संपता आणि एकच गट पुन्हा पुन्हा न येता चालत राहते. कॅल्क्युलेटरवर ती थांबलेली दिसते, कारण तिथे पडदा संपतो.

मग पाय आणि २२/७ चे काय?

२२/७ म्हणजे ३.१४२८५७१४२८५७..., आवर्ती आणि म्हणून परिमेय. पाय म्हणजे ३.१४१५९२६५... दशांश चिन्हानंतर तिसऱ्याच अंकाला दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. ७ मीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ २२/७ ने काढला तर २२ मीटर येतो. खरा परीघ त्याहून साधारण ९ मिलिमीटर कमी आहे. कुंपणासाठी हे पुरेसे असते, पण ‘पुरेसे’ आणि ‘समान’ यांत फरक आहे.

आर्यभटाला हा फरक ठाऊक होता. इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीय’ या ग्रंथात २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला आहे, म्हणजे पायची किंमत ३.१४१६. या मापाला तिथे ‘आसन्न’, म्हणजे जवळचे, असे म्हटले आहे. पाय अपरिमेय असल्याची सिद्धता मात्र १७६० च्या दशकात योहान लँबर्ट या गणितज्ञाने दिली.

नेमके कुठे चुकते?

• वर्गमुळाचे चिन्ह दिसले म्हणजे अपरिमेय, असे नाही. √९ = ३ आणि √(९/४) = ३/२, दोन्ही परिमेय.
• दशांश संपत नाही म्हणजे अपरिमेय, असेही नाही. ०.३३३... म्हणजे १/३.
• दशांशात काही नियम दिसला म्हणजे परिमेय, असेही नाही. ०.१०१००१०००१... यात नियम आहे, पण शून्ये वाढत जात असल्याने एकच गट पुन्हा पुन्हा येत नाही. ही संख्या अपरिमेय.
• दोन अपरिमेय संख्यांचे उत्तर अपरिमेयच येते, असे नाही. √२ × √८ = √१६ = ४.
• ०.९९९... ही संख्या १ पेक्षा किंचित लहान नाही. तिची दहापट ९.९९९..., त्यातून ती वजा केली की ९. म्हणजे तिची ९ पट ९, अर्थात ती १ च आहे.

या पाचही चुकांचे मूळ एकच : संख्येची जात तिच्या दिसण्यावरून ठरवणे. चिन्ह, लांबी किंवा कॅल्क्युलेटरचा पडदा ती ठरवत नाही. विचारायचा प्रश्न एकच आहे : ही संख्या दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकात नेमकी लिहिता येते का? येत असेल तर परिमेय, नसेल तर अपरिमेय.

कंसातल्या सूचनेत ‘पाय = २२/७ आहे’ असे लिहिलेले नसते, ‘घ्या’ असे असते. हिशेबापुरते जवळचे माप घ्या, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.