उंचीवरील आजार

उंचीवरील आजार हा समुद्रसपाटीपासून साधारणतः २,५०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर, शरीराला सराव होण्याआधीच पोहोचणाऱ्या व्यक्तींना होणारा विकार आहे. गिर्यारोहक, सैनिक, यात्रेकरू व पर्यटक यांच्यात तो आढळतो. शारीरिक तंदुरुस्तीमुळे त्यापासून संरक्षण मिळत नाही. किंबहुना दमदार गिर्यारोहक भराभर चढून जाण्याच्या मोहामुळेच त्याला बळी पडू शकतो.

कारण

उंचावरील हवेत ऑक्सिजनचे शेकडा प्रमाण घटते, हा समज चुकीचा आहे. ते तेथेही सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. एव्हरेस्टच्या नेपाळकडील तळछावणीवर (सुमारे ५,३६० मीटर) हा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, तर शिखरावर (सुमारे ८,८४९ मीटर) एक तृतीयांश असतो. २००७ साली शिखरावरून उतरताना ब्रिटिश वैद्यकीय मोहिमेतील डॉक्टरांनी ८,४०० मीटरवर स्वतःच्या रक्ताचे नमुने घेतले. त्यांच्या धमन्यांतील ऑक्सिजनचा दाब सरासरी २४.६ मिलिमीटर पारा इतकाच भरला. समुद्रसपाटीवर निरोगी माणसात तो ७५ ते १०० असतो.

शरीराचे अनुकूलन

विरळ हवेत श्वसन व हृदयाचे ठोके तत्काळ वाढतात. पुढील काही दिवसांत मूत्रपिंडे रक्तातील आम्ल-अल्कली समतोल सावरतात आणि काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढतात. सुमारे ८,००० मीटरवर मात्र कितीही मुक्काम केला तरी शरीर सरावत नाही, ते खचतच जाते. म्हणून या पट्ट्यास ‘मृत्युक्षेत्र’ म्हणतात. राइनहोल्ड मेसनर व पीटर हाबेलर यांनी ८ मे १९७८ रोजी कृत्रिम ऑक्सिजनविना एव्हरेस्ट सर केले, तोवर असे आरोहण शक्य आहे का याविषयी अनेक तज्ज्ञ साशंक होते.

लक्षणे

डोकेदुखी, मळमळ, अन्नावरील वासना उडणे व निद्रानाश ही प्रारंभीची लक्षणे होत. फुप्फुसांत पाणी साचल्यास विश्रांती घेतानाही धाप लागते व फेसाळ, गुलाबी कफ पडतो. मेंदूला सूज आल्यास तोल जातो व बुद्धी भ्रमते. हा प्रकार विशेष घातक, कारण आपण ठीक आहोत असे रुग्णच ठासून सांगतो. त्यामुळे निर्णय सोबत्यांनी घ्यावा लागतो. त्याला टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालावयास सांगणे ही सोपी परीक्षा आहे.

प्रतिबंध व उपचार

३,००० मीटरच्या वर रात्रीचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून अधिक उंच नसावा व तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा असावा, असा संकेत आहे. दिवसा उंच चढून झोपण्यास खाली परतण्याची पद्धतही याच हेतूने रूढ झाली. विमानाने थेट लेहला (सुमारे ३,५०० मीटर) उतरणाऱ्या प्रवाशांना पहिले एक-दोन दिवस विश्रांतीचा सल्ला देतात तो यामुळेच. डॉक्टरांच्या सल्ल्याने अ‍ॅसिटाझोलामाइड घेतल्यास अनुकूलनास मदत होते.

गंभीर रुग्णास विनाविलंब खाली उतरवणे हाच मुख्य उपचार होय. नळकांड्यातील ऑक्सिजन, डेक्सामेथासोन, निफेडिपिन किंवा रुग्णाला आत झोपवून हवा भरण्याची दाबपिशवी यांनी उतरण्यापुरती सवड मिळते. वादळामुळे वा रात्रीमुळे वाट बंद असेल, तेव्हा ती सवडच निर्णायक ठरते.