परदेशी शिष्यवृत्ती आणि मराठवाडा : बदनापूरच्या परिसरातून एक वेध

औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि जालना यांना जोडणाऱ्या लोहमार्गावरील बदनापूर हे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होते. त्या संस्थानात परदेशी शिक्षणासाठी सरकारी मदत मिळत असे. निजाम सरकारच्या शिष्यवृत्तीवरच सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, १८९५ मध्ये इंग्लंडला गेल्या. परंतु त्या राजधानीतील सुविद्य घराण्यातल्या होत्या. बदनापूरसारख्या गावातील मराठी मुलासमोरचा पहिला अडसर परदेशवारीच्या कितीतरी आधीच उभा होता, कारण १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले आणि मराठवाड्यात महाविद्यालयीन शिक्षणाची सोय जेमतेमच होती.

या भागाचे शैक्षणिक चित्र पालटणाऱ्या शिष्यवृत्तीचा उगम दुसऱ्याच संस्थानात झाला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार त्यांच्याकडून लिहून घेतला. अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र (मानवी समाजांच्या चालीरीतींचा अभ्यास) अशा विषयांत बुडून गेलेल्या या विद्यार्थ्याने १९१६ मध्ये तेथील चर्चासत्रात भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. मायदेशी जी व्यवस्था भोगावी लागली होती, तिची चिकित्सा करण्याची साधने परक्या देशात हाती आली होती. मात्र १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीवर रुजू झाल्यावर याच विद्वानाला अस्पृश्यतेमुळे राहायला जागा मिळेना आणि पारशी विश्रामगृहातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. शिष्यवृत्तीने माणूस बदलला तरी तो ज्या समाजात परततो तो समाज आपोआप बदलत नाही, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

पुढील काळात आंबेडकरांनी आपल्याला लाभलेली संधी व्यवस्थेत रुजवण्याचा प्रयत्न केला. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे, म्हणजे त्या वेळच्या मध्यवर्ती मंत्रिमंडळाचे, सदस्य झाल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी स्वतंत्र तरतुदीचा आग्रह धरला आणि तिच्यातून काही विद्यार्थी परदेशी गेले. १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. बदनापूर, जालना या भागांतील ज्या मुलांच्या घरी शिक्षणाची परंपराच नव्हती, त्यांच्यासाठी पदवीचे शिक्षण आता रेल्वेच्या काही स्थानकांइतके जवळ आले.

या महाविद्यालयातून ज्ञानाच्या देवाणघेवाणीचे दुसरे आवर्तन घडले. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतलेले प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी तेथील कृष्णवर्णीय लेखकांच्या साहित्याची ओळख मराठवाड्यातील नव्या लेखकांना करून दिली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात औरंगाबादेत ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले, पुढे ते गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ‘अस्मितादर्श’ या नावाने दलित साहित्याचे व्यासपीठ झाले, आणि प्राध्यापकाच्या परदेशी वाचनाचे सार कधीही परदेशी न गेलेल्या तरुणांच्या लेखणीपर्यंत पोहोचले.

शेतीच्या क्षेत्रातही असेच घडले आणि तेथे खुद्द बदनापूरचे नाव पुढे येते. स्वातंत्र्यानंतर भारतातील कृषी विद्यापीठे उभी राहिली ती अध्यापन, संशोधन आणि विस्तार (शेतकऱ्यापर्यंत माहिती पोहोचवणे) यांची सांगड घालणाऱ्या अमेरिकन विद्यापीठांच्या नमुन्यावर. त्या सहकार्यातून अनेक भारतीय प्राध्यापक अमेरिकेत शिकून आले. परभणीचे मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले, तर त्याच वर्षी हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्था उभी राहिली. परभणीच्या विद्यापीठाच्या बदनापूर येथील संशोधन केंद्राने तुरीवरील वांझ रोगाचा प्रश्न हाती घेतला. या रोगात पानांवर फिकट हिरवे चट्टे पडतात, पाने लहान राहतात, झाड झुडपासारखे दाटते, पण त्याला फुले-शेंगा लागत नाहीत. डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म कोळी त्याचा प्रसार करतो. इक्रिसॅटच्या संग्रहातील रोगप्रतिकारक वाण आणि ‘नंबर १४८’ हे जुने वाण यांच्या संकरातून बदनापूरला ‘बीएसएमआर ७३६’ ही लाल तूर तयार झाली. तिच्या नावातील पहिले अक्षर बदनापूरचे आहे.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आज राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती उपलब्ध आहेत. परंतु तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला वेळेवर माहिती, इंग्रजीची तयारी आणि अर्जासाठी मार्गदर्शन मिळाले नाही तर कागदावरील संधी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मराठवाड्याचा अनुभव सांगतो की शिष्यवृत्तीवरील खर्चाचे खरे फळ संस्थांच्या रूपाने हाती येते. म्हणून एखाद्या शिष्यवृत्ती योजनेचे मोल ठरवताना किती विद्यार्थी बाहेर गेले एवढेच न मोजता, परतलेल्यांना काम करण्यासाठी महाविद्यालये, नियतकालिके आणि संशोधन केंद्रे गावांच्या जवळ उभी आहेत की नाहीत, हेही शासनाने आणि समाजाने तपासले पाहिजे.