सावंतवाडीचे राज्य आणि प्रबळांचा स्नेह

कुडाळ प्रांताच्या इतिहासात लढायांचे वर्णन सविस्तर येते. तहांचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः वाडीकर सावंत-भोसल्यांच्या राज्याची खरी कथा त्यांच्या तहांतच वाचावयास मिळते. घाटावर कोल्हापूरकर, दक्षिणेस गोव्याचे पोर्तुगीज आणि समुद्रावर आंग्रे, अशा प्रबळांच्या मध्ये वसलेल्या या लहान राज्यास कोणाचा तरी आधार घेणे भागच होते. प्रश्न होता तो त्या आधाराच्या किमतीचा.

1730 साली फोंड सावंतांनी मुंबईच्या इंग्रज कंपनीशी आंग्र्यांविरुद्ध परस्परसाहाय्याचा तह केला. आंग्र्यांच्या आरमाराचा धाक इंग्रजांसही असल्यामुळे त्यांना वाडीकरांच्या मैत्रीची गरज होती. पुढे 1756 साली पेशवे व इंग्रज यांनी मिळून विजयदुर्ग जिंकला आणि आंग्र्यांचे सामर्थ्य खचले. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी, 1765 साली, त्याच इंग्रजांनी चाचेगिरीचे निमित्त करून वाडीकरांचा रेडी येथील यशवंतगड घेतला. समान शत्रू नाहीसा होताच स्नेहही ओसरला.

पोर्तुगीजांच्या साहाय्याची कथाही निराळी नाही. कोल्हापूरकरांशी झगडताना त्यांची मदत घ्यावी लागली आणि 1788 साली पेडणे महाल त्यांच्या हाती गेला. 1961 साली गोवा मुक्त झाला, तरी तेरेखोलच्या खाडीवरची ती सीमा राहिलीच. आपल्या पूर्वजांस न विचारता झालेल्या एका कराराने एकाच मुलखातील गावे दोन राज्यांत विभागली गेली.

1812 साली वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. 1818 साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांस या बाजूला कोणाच्या मैत्रीची निकड उरली नाही. लगेच 1819 च्या तहाने वाडीकरांनी इंग्रजांचे सार्वभौमत्व मान्य केले, परराज्यांशी स्वतंत्र व्यवहाराचा हक्क सोडला आणि कर्ली नदीपासून पोर्तुगीज हद्दीपर्यंतची किनारपट्टी दिली. 1838 साली राज्यकारभारही इंग्रजांनी आपल्या हाती घेतला. 1844 च्या उठावात या भागातील लोकांनी शस्त्र उचलले, परंतु तो मोडला गेला.

यावरून वाडीकरांस केवळ दोष देणे न्याय्य होणार नाही. पेशवाई 1818 साली लयास गेली; वाडीची गादी मात्र 1948 च्या विलीनीकरणापर्यंत टिकली. गादी राहिली, समुद्र गेला, असा हा हिशेब आहे.

दुर्बळाने प्रबळाशी स्नेह करू नये, असे इतिहास सांगत नाही. तो स्नेह कोणत्या गरजेवर उभा आहे आणि ती गरज संपल्यावर आपल्या हाती काय उरेल, याचा विचार तह करतानाच केला पाहिजे, एवढेच तो सांगतो. आपल्या मुलांस या प्रांताचा इतिहास सांगताना किल्ल्यांच्या जोडीने हे तहही सांगावेत.